दिव्याच्या खेळाविरुद्ध केलेला अर्ज

आयुष्यभरात सरकारदरबारी मी जितके अर्ज लिहिले, त्यांतला एकच लगोलग मान्य झाला; आणि तोच लिहावयास नको होता.

आमची थोरली मुलगी ठाण्यास दिली होती. विसाव्या वर्षी ती विधवा झाली, तेव्हा केशवपन करवून सासरच्यांनी तिला कल्याणास आमच्या दारात आणून सोडले. त्या अन्यायाविरुद्ध मी चार पत्रे धाडली. उत्तर आले नाही. मुलगी मात्र बोलेनाशी झाली. पानावर बसे, दोन घास चिवडी आणि उठे.

त्या हिवाळ्यात देवळाच्या सभामंडपात चित्रांचा खेळ आला. काचेवरची रंगीत चित्रे कंदिलाच्या उजेडाने ओल्या पडद्यावर पाडीत आणि खेळवाला कथा सांगे. पुरुष पडद्यापुढे, बायका मागे. कथा एका तांडेलाच्या बायकोची होती. नवरा समुद्रात नाहीसा झालेला, घरच्यांनी हाकललेली, अशी ती तान्हे पोर घेऊन खाडीच्या काठावर उभी राहते. उरलेली कथा दुसऱ्या दिवशी.

खेळ निम्म्यावर असता देवळाचे एक पंच माझ्यापाशी आले.

"तात्या, मुलीला जरा चपलांपाशी बसवा. सवाष्णी कुरकुरताहेत."

"कोणत्या कायद्याने?"

"कायदा कचेरीत, तात्या! इथं देव राहतो."

मंडळी हसली. मी पडद्यामागे गेलो, तो मुलगी आपण होऊनच उठून चपलांपाशी जाऊन बसली होती.

घरी आल्यावर तिने भात मागून घेतला. आईला म्हणाली, "ती उडी नाही टाकायची गं. पोर आहे ना कडेवर!" कित्येक महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होतो, तरी माझी लेखणी थांबली नाही. मंडपात गवताच्या चटया, त्यांत रॉकेलचा दिवा, परवाना नाही, लोकांच्या जिवास धोका: अर्ज मुद्देसूद होता. पंचांचे नाक कापावयाचे होते. सकाळी तो मामलेदारांपुढे गेला. दुपारी खेळ बंद झाला. पंचांच्या केसालाही धक्का लागला नाही. खेळवाला पेटारा गाडीत घालून शीळफाट्याच्या वाटेने निघून गेला.

दिवेलागणीस मुलगी धुतलेले लुगडे नेसून तयार बसली होती. मी काय केले ते तिला सांगितले.

"मला तिथूनही दिसत होतं, दादा," ती म्हणाली. मग, "ती वाचते ना?"

"न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष मी देत नाही." हे मी उच्चारले. पोटच्या पोरीपुढे.

खेळवाल्याचा ठावठिकाणा विचारीत मी गावोगाव पत्रे लिहिली. वैशाखात मुलीला ताप भरला, तो उतरला नाही. मी तिच्या उशाशी बसून सांगितले, "वाचते हो ती. नवराही परत येतो."

तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिले.

"तुम्ही कुठं पाहिलंत, दादा?" म्हणाली, आणि कूस वळवली.