मुन्शीजींची काडी

मुन्शीजींच्या कानावर कायम बोरू असायचा आणि टोपीच्या घडीत एक काडी. आगपेटीतलीच, गूल काढून चाकूने टोके सरळ केलेली. वाद्यांच्या सूचीपत्रात एक नाव लिहून झाले की ते ती काडी अक्षराशेजारी उभी धरायचे. अक्षर काडीएवढे भरले तरच पुढचे नाव. मग ती सतार असो की हलगी. बघणाऱ्याला कंटाळा यायचा, त्यांना स्वतःलाही यायचा. "लई थकलो बघा," असे म्हणत म्हणतच ते काडी पुढच्या नावाकडे सरकवायचे.

हे निजामाच्या राज्यातले. सरकारदरबारी गाव उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिवच. अप्पांचे वाद्यांचे दुकान होते आणि मागच्या खोलीत मी पेट्यांचे भाते दुरुस्त करत बसायचो. दुकानाचे सूचीपत्र शिळाछापावर निघायचे, म्हणजे मुन्शीजी हाताने लिहितील तसेच छापून यायचे. मराठी, उर्दू, इंग्रजी असे तीन रकाने. इंग्रजीत पहिले अक्षर कॅपिटल म्हणजे सगळ्यांचेच कॅपिटल. "फिडलाच्या डोक्यावर फेटा आन् संबळ बोडका, असं कसं चालंल?" असे ते म्हणायचे.

हे एवढे कोण बघतेय, असे मी एकदा वैतागून विचारले. "शिवा बघतो," मुन्शीजी म्हणाले.

शिवा अणदूरचा, हलगी वाजवायचा. शाळेत कधी गेला नव्हता. मुन्शीजींनी त्याला एकच शब्द ओळखायला शिकवला होता, हलगी. त्यावर बोट ठेवून तो ऐटीत माल मागायचा आणि आपल्या गावच्या वाजंत्र्यांनाही दाखवायचा. "माणूस लांबून चालत येतंय, दमल्यालं असतंय," मुन्शीजी मला म्हणाले. "कागदावर तरी त्याला हुडकायला लावू नये."

पुढे अप्पांना हाकिमांच्या बंगल्यांवरची गिऱ्हाइके खुणावू लागली. "मुन्शीजी, औंदा पेटी, सतार, फिडल ठळक लिवा. हलगी, संबळ, तुणतुणं खाली बारीक घाला. कुणाचं काय बिघडतंय?"

"हलगीवाल्याचं बिघडतंय, अप्पा."

"दुकान माझं हाय न्हवं?"

"दुकान तुमचंच. बोरू माझा हाय." तो कानावर ठेवून मुन्शीजी घरी निघून गेले.

मला दोघांचाही राग आला. अप्पांना मोठ्या लोकांच्या सलामाची हाव सुटली होती, आणि मुन्शीजींना दुसरी मिळकत नसताना हा ताठा सुचत होता. डोळे असेपर्यंत लिहिणे एवढेच तर त्या माणसाला हवे होते. अप्पांनी दुसरा लिहिणारा आणला. त्याने सांगितल्याबरहुकूम लिहिले.

नवरात्राच्या तोंडाशी तुळजापूरकडे जाणारे गोंधळी आणि वाजंत्री दरवर्षी आमच्याकडे वळायचे. त्या वर्षी हलग्या आणि संबळ धूळ खात पडले. दसरा झाल्यावर शिवा दुकानावरून चालला होता, काखेत कोरी हलगी. अप्पांनी हाक मारली, "आमच्याकडं का आला न्हाईस रं?"

"तुमी हलगी ठिवायचं सोडलं न्हवं? कागदावर कुटं दिसंना. आमी समद्यांनी बघितला की कागद. मग सोलापूरास्नं आणली, वर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरली."

तो शब्द त्याने एकाच मापात पाहिला होता. तळाशी बारीक अक्षरात बसलेली हलगी त्याला हलगी वाटलीच नव्हती.

अप्पांनी पायात वहाणा सरकवल्या आणि मला घेऊन मुन्शीजींच्या घरी गेले. "चला, लिवा तुमच्या मनासारखं," एवढेच म्हणाले. मुन्शीजींचा चेहरा उजळला. घाईघाईने त्यांनी दऊत पुढे ओढली आणि बोरू बुडवला, तो दऊतीशेजारी सतरंजीवर. पुन्हा बुडवला, पुन्हा सतरंजीवरच. अप्पांनी मान फिरवली. मला रडू आवरेना.

"आता न्हाय व्हायचं," मुन्शीजी शांतपणे म्हणाले. टोपीतली काडी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "तू लिही."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मुन्शीजी."

"वाईट असू दे. सारखं असू दे."

लिहिले. मान अवघडली, बोटे काळी झाली, काडी धरून धरून डोळे शिणले, आणि माणूस 'लई थकलो' का म्हणायचा ते मला तेव्हा कळले. कागद छापून आले त्या दिवशी मुन्शीजी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून दुकानात आले. ते त्यांचे शेवटचे येणे. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्या दिवशी मी मोठ्या हौसेने कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो चाचपला आणि माझ्याकडे परत न देता शिवाला हाक मारली. तो पायरीवर बसला होता.

"शिवा, हलगी कुठंय बघ."

शिवाने बोट टेकवले. "ही काय."

"हुडकावी लागली का?"

"न्हाय की. तुमीच लिवलीया न्हवं, लगीच दिसली."

मी तोंड उघडणार होतो. मुन्शीजींनी माझा गुडघा दाबला. "व्हय," ते म्हणाले, "म्याच लिवलीया."