पंप आता त्यांच्याच हातात

त्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांनी दम्याच्या पंपात गोळी घातली, ओढली, मनात दहा मोजले. मी चहा घेऊन शेजारीच उभी. "देऊ का धरून?" म्हटलं तर म्हणतात, "अगो हौसे, ह्यात आता काय धरायचं हाय?" चप्पल घातली आणि कारखान्यात गेले. दुपारी बाराला हे गेल्याचा निरोप आला.

आमचे हे म्हणजे कमळाकर. पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचे, चाळीस वर्षं. मूर्ती घासताना धूळ उडते, ती छातीत बसली, दमा लागला. पहिला पंप दाबायचा होता. ह्यांचे हात सदा रंगाचे, म्हणून तो माझ्याकडं असायचा. दम लागला की माझ्यासमोर तोंड उघडून बसायचे. मी "ओढा" म्हणायची आणि दाबायची. चौदा वर्षं असंच. भांडण झालं असलं तरी पंपाला माझ्याकडं यायलाच लागायचं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. लग्नकार्यात बायका बघायच्या, मी जरा ताठच बसायची.

मग दोन वर्षांमागं डॉक्टरनी पंप बदलला. नव्यात गोळी ठेवायची, फिरवली की फुटते, आतली पावडर आपल्याच जोरानं ओढायची. माझ्या बोटाला कामच नाय. हे जुन्या सवयीनं हळूहळू ओढायचे, पावडर जिभेवर बसायची, ठसका लागायचा. एकदा तर मीच ती गोळी पाण्याबरोबर गिळायला दिली. गोळी म्हटल्यावर गिळायचीच ना.

कारखान्यात शकू होती. अष्टमी गावची, रोह्याच्या पुलापलीकडची. नवरा नाय तिला. मूर्ती रंगवायला रोज पेणला यायची. तिलापण दमा, तिचापण पंप असलाच. ती ह्यांना म्हणाली, "दादा, डोळा आखायच्या आधी श्वास कसा सगळा सोडता? तसा सोडा. मग एकदम जोरात ओढा, आणि रेघ संपेपर्यंत धरता तसा धरा." झालं, पहिल्याच दिवशी जमलं. घरी येऊन हसत हसत सांगतायत. मी भाकरी टाकली होती, ती करपली. चाळीस वर्षं माझा नवरा डोळे आखतो, तो श्वास कसा धरतो ते मला ठाव नाय, आणि हिला ठाव!

"दादा म्हणते गो ती मला."

"म्हणू दे की. मी काय बोलले?"

"बोलली नायस. तवा आपटलास."

मी डॉक्टरकडं गेले ह्यांना घेऊन. म्हटलं, नवा पंप ह्यांना सोसत नाय, सारखे खोकतात, जुनाच द्या. डॉक्टर म्हणाले, "दाखवा बघू कसा ओढता." ह्यांनी असा झोकात ओढला की डॉक्टर म्हणाले, "वा, तुम्हीच शिकवायला या हितं." मग खोकला कुठाय विचारलं, तर हे माझ्याकडं बघून म्हणतात, "खोकला हिला झालाय." घर येईपर्यंत हसत होते.

खरं तर त्या पंपानं त्यांना बरं होतं. जिना चढताना थांबत नव्हते. ते मी कधी कबूल केलं नाय, शकूसमोर तर नायच.

त्या दिवशी दमा नव्हता. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मोठ्या मूर्तीचा एक डोळा आखून झाला आणि भिंतीला टेकले. मी पोचले तर डोकं शकूच्या मांडीवर. रडायच्या आधी मी तिला हेच विचारलं, "माझं नाव घेतलं का गो?"

"नाय वो वैनी. बुरुश धर म्हणाले."

खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

दहावं झाल्यावर ती आली, केळी घेऊन. केळी खाली ठेवली. मग म्हणाली, "वैनी, माझा पंप तडकलाय. नवा मिळतो, तसं काय नाय. पण दादांचा असला तर द्याल? आठवण राहील."

मी म्हटलं, "चितेवर ठेवला त्यांच्याबरोबर."

तिनं पदर डोळ्याला लावला. "बरं केलंत."

पंप तेव्हा फळीवर तांदळाच्या डब्याआड होता. ती चहा पिऊन रोह्याच्या गाडीला गेली. मग मी तो काढला, दोन्ही तुकडे वेगळे करून, हे असताना धुवायची तसे धुतले, आणि खिडकीत उन्हाला ठेवले.