टोपाखालचं बोलणं

तिला सगळे कात्री म्हणायचे. हे नाव पडलं होतं तिच्या जिभेवरून, हातावरून नव्हे. ज्या पार्लरमध्ये तिने उमेदीची सगळी वर्षं घातली, तिथे खरी कात्री तिथल्या मालकिणीने, मॅडमनी, तिच्या हातात कधी टिकूच दिली नाही. केस कापायला ती शिकली होती, आणि मन लावून शिकली होती. पण रंग लावण्यात तिचा हात असा काही बसला की मॅडमना ती केस रंगवायच्या-धुवायच्या बेसिनपाशीच परवडायची. ती कुणाचे केस कापायला घेते न घेते तोच कुणीतरी बाई दारातून विचारायची, "ती रंगवाली आहे ना आज?" मॅडम "आहे की!" म्हणून मोकळ्या व्हायच्या, आणि कात्रीला अर्ध्यातून कंगवा खाली ठेवावा लागायचा.

रंगाने तिचे हात खाल्ले. आधी पेरांवर खाज, मग भेगा, मग नुसतं लिंबू पिळायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी. हातमोजे मिळायचे, पण कांद्याच्या पापुद्र्याइतके पातळ, दुपारपर्यंत फाटलेले. दुसरी जोडी मागितली की मॅडम म्हणायच्या, "जरा जपून वापर गं." घरातली भांडी नवऱ्याकडे गेली. तो बसडेपोत मेकॅनिक. त्याचे हात ग्रीसने काळे, हिचे रंगाने फाटलेले. "आपल्या दोघांत मिळून एक धड हात नाही," असं तो म्हणायचा, आणि तीही हसायची, कारण रडून हात बरे होणार नव्हते.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "बाई, रंग सोडा, नाहीतर हात सोडा."

कात्रीने मॅडमना गाठलं. "मॅडम, मला बेसिनवरून काढा. कटिंगची खुर्ची द्या. मी कमी पडले तर सांगा."

"बघू," मॅडम म्हणाल्या. त्यांचं 'बघू' सगळ्या मुलींना पाठ होतं. ते म्हणजे 'नाही'च, फक्त पावडर लावलेलं.

मग मॅडमचं काम चालू ठेवूनच ती दुसरीकडे विचारायला बाहेर पडली. गावात नाव असलेली पार्लर चारच. पहिलं मॅडमचं. दुसरं मास्तरांचं. हे मास्तर शाळेतले नव्हेत, केस कापणारे, पण ऐट हेडमास्तरची. तिसरं कोपऱ्यावरच्या बाईंचं. चौथ्याच्या चारही भिंती आरशांच्या, म्हणून त्या मालकिणीला आरसेवाल्या बाई म्हणायचे.

मास्तरांच्या काचेवर 'कटिंगसाठी मुलगी पाहिजे' असा कागद होता. मास्तरांनी तिच्याकडून एका गिऱ्हाइकाचे केस कापून घेतले, मागून, बाजूने, वाकून वाकून बघितले आणि म्हणाले, "हात आहे तुला. उद्या ये." दुसऱ्या दिवशी ती गेली तर मास्तरांचं तोंड पडलेलं. "जागा भरली," ते म्हणाले. कागद काचेवर तसाच होता. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं, तर मास्तर आत जाऊन टॉवेल मोजायला लागले.

कोपऱ्यावरच्या बाई गोड बोलल्या. "घेतलं असतं गं, पण तू मॅडमना विचारलंस का? त्यांचा होकार आण, मग बघू." आरसेवाल्या बाईंनी तर आत बोलावलंच नाही. दारातूनच हात हलवला, माशी हाकलल्यासारखा.

तीन दारं, तिन्ही बंद. तिची जीभ जगाला कापायची, पण त्या दिवशी घरी आल्यावर तिने ती स्वतःवरच चालवली. "माझ्यातच खोट असणार," ती नवऱ्याला म्हणाली. "एकाने नाही म्हटलं तर तो चुकला. तिघांनी म्हटलं म्हणजे मीच." खरा अन्याय मला विचाराल तर हा होता. नोकरी नाकारली ते सोडाच. चांगल्या कारागिराला स्वतःच्याच हाताची शंका यायला लावली, हे त्या चौघांचं पाप.

आता केस कापणाऱ्यांची एक अडचण ऐका. गावाचे केस ते कापतात, स्वतःचे कापता येत नाहीत. म्हणून हे चार मालक महिन्यातून एका सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं खाली ओढून, कुणा एकाच्या पार्लरमध्ये जमायचे आणि एकमेकांची डोकी करायचे. वर्षानुवर्षांची रीत. मास्तर मॅडमचे केस कापणार, मॅडम कोपऱ्यावरच्या बाईंचे, असं. त्या महिन्यात पाळी मॅडमच्या पार्लरची होती आणि रंग कालवायला हक्काची कात्री होतीच. सुट्टी असून बोलावलं. झाडायला मावशीही आल्या होत्या. या मावशी त्या पार्लरमध्ये मॅडमपेक्षाही जुन्या.

मास्तरांचे केस पांढरे झालेत हे गावाला ठाऊक नव्हतं, कात्रीला होतं. तिने त्यांना रंग लावून बसवलं. आरसेवाल्या बाईंच्या केसांना मॅडमनी रोलर लावले आणि त्यांना टोपाखाली ढकललं. टोप म्हणजे डोक्यावर उतरवायचा मोठा ड्रायर. त्याच्याखाली बसलं की कानात नुसता घूंऽऽ आवाज. माणसाला वाटतं आपण हळू बोलतोय, आणि ऐकतं सगळं पार्लर. टोपाखाली सासूबद्दल, जावेबद्दल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल काय काय ओरडलं जातं ते पार्लरच्या मुलींना विचारा. जो कुणी या धंद्यात आहे त्याला हे माहीत असतं. पण टोप आपल्या डोक्यावर आला की कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आरसेवाल्या बाई मॅडमच्या कानाशी लागल्यासारख्या वाकल्या आणि गरजल्या, "तुझी ती कात्री आली होती गं माझ्याकडे! दारातूनच परतवून लावली! आपलं ठरलंय ना, एकमेकांच्या मुली घ्यायच्या नाहीत!"

मॅडमनी डोळे वटारले, हात हलवले, ओठांवर बोट ठेवलं. आरसेवाल्या बाईंना वाटलं, मान सरळ ठेवायला सांगतेय. त्यांनी मान सरळ ठेवली आणि पुढे चालू, "मास्तर तर घ्यायला निघाले होते! बरं झालं आधी तुला फोन केला! अगं, एकीने खुर्ची दिली की सगळ्या मागणार! आणि द्यायची कशाला? जाणार कुठे?"

कात्री बेसिनपाशी उभी होती. ती चालत आली, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि टोप वर उचलला. एकदम शांतता. मावशींचा झाडूसुद्धा थांबला.

"सांगा ना बाई," ती म्हणाली. "कुठे जाणार मी?"

 मॅडम पुढे आल्या. "हे आमचं आपसातलं बोलणं आहे. माझ्या दुकानात कुणाला घ्यायचं ते मी ठरवणार. त्यात तुझा काय संबंध?"

"तुमच्या दुकानात तुम्ही ठरवा की. पण मास्तरांच्या दुकानात कोण येणार तेही तुम्हीच ठरवता? मग त्यांच्या दारावर त्यांची पाटी कशाला? तुमचीच लावा." ती मास्तरांकडे वळली. "आणि मास्तर, तुम्ही. हात आहे म्हणालात ना मला? महिनाभर मी स्वतःचे हात बघत बसले, यांत काय वाईट आहे म्हणून."

मास्तर खुर्चीत आणखी खाली सरकले. रंग कपाळावर ओघळायला लागला होता. कात्रीने तो बघितला. "चला, डोकं धुऊन देते," ती म्हणाली. "डोक्याचा काही दोष नाही." तिने ते नीट, कोमट पाण्याने, कानामागे बोट फिरवून धुतलं. मग हातमोजे काढून मॅडमच्या हातात दिले आणि अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडली. तिथून ती सरळ नणंदेकडे गेली.

ही नणंद एका वकीलबाईंकडे टायपिस्ट. तिने सगळं ऐकलं आणि चहा अर्धा टाकून उठली. "वहिनी, हे नुसतं वाईट नाहीये, हे बेकायदेशीर आहे. चल माझ्याबरोबर."

"पण कागद नाही गं काही. तोंडी ठरवलंय त्यांनी."

"दुकानदारांनी मिळून तोंडी भाव ठरवले तर चालतं का?"

वकीलबाईंनीही तेच सांगितलं, जरा सावकाश. एखादा मालक स्वतःच्या मनाने तुम्हाला नको म्हणाला तर तो त्याचा हक्क. पण चार मालकांनी मिळून ठरवलं की एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत, तर तो माणसांच्या मेहनतीचा भाव पाडायचा कट. लिहिलेला असो वा बोललेला. दंड चौघांनाही, आणि मुलींनी नुकसानभरपाई मागितली तर ती वेगळीच. तक्रार केली म्हणून कुणी त्रास दिला तर आणखी एक गुन्हा. "आणि एक गंमत आहे," वकीलबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "चौघांपैकी जो आधी येऊन खरं सांगेल, त्याला सूट मिळते. बाकीच्यांना नाही. एवढंच त्यांच्या कानावर जाऊ दे. पुढचं ते स्वतःच करतील."

तक्रार अजून लिहिली जात होती तेवढ्यात मावशी घरी आल्या, कुणकुण लागलेल्या मॅडमचा निरोप घेऊन. कटिंगची खुर्ची तयार आहे. खिडकीजवळची. रंगाला हात लावायला नको. फक्त हे प्रकरण इथेच मिटव.

नवरा कात्रीच्या तोंडाकडे बघत राहिला. "घे," तो हळूच म्हणाला. "तुझे हात तर वाचतील. भांडून काय मिळणार?"

आणि खरं सांगायचं तर तिला घ्यावीशी वाटली. त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर तिचा किती वर्षं डोळा होता. ती गप्प बसली, आणि कात्री गप्प बसली की घरातले घाबरायचे. मग तिने विचारलं, "मावशी, बेसिनवर आता कोण आहे?"

"ती नवी पोर. कालपासून तिचीही बोटं लाल झालीत."

"आणि ती उद्या मास्तरांकडे गेली तर?"

 कात्री नवऱ्याला म्हणाली, "अहो, ही खुर्ची नाही, माझ्या तोंडात कोंबायचा बोळा आहे." मग मावशींना, "मॅडमना सांगा, खुर्ची नको. दार उघडा म्हणावं, चौघांचंही, सगळ्यांसाठी. आणि पहिल्या येणाऱ्याला सूट आहे, तेही सांगा. चारही दुकानांत सांगा."

"सांगते," मावशी म्हणाल्या. दारात थांबल्या. "आणि साक्षीला मी येते. टोपाखालचं मीही ऐकलंय. मला कोण घेणार दुसरीकडे, या वयात? म्हणून भीतीही नाही."

पुढचं गावाने बघितलं. मैत्री वर्षानुवर्षांची, पण पहिल्याला सूट मिळते हे कळताच चौघांनाही एकाच वेळी खरं बोलावंसं वाटायला लागलं. मास्तर जिंकले. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून धावले म्हणतात. मी पाहिलं नाही, पण त्यांच्या गळ्यात टॉवेल तसाच होता हे तक्रारीच्या कचेरीतल्या लोकांनी पाहिलं. कोपऱ्यावरच्या बाई जिन्यात त्यांना भेटल्या, वर चढताना. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही. चौकशी झाली, मावशींनी साक्ष दिली, मास्तर सूट घेऊन सुटले आणि तिघींना दंड बसला. चारही पार्लरमध्ये मालकांना स्वतःच्या तोंडाने मुलींना सांगावं लागलं की कुणीही कुठेही जावं, कुणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. मॅडम ते सांगताना म्हणे एवढ्या हळू बोलल्या की मागून एक पोर ओरडली, "मॅडम, टोपाखाली बसून बोला ना!"

त्यानंतर आठवडाभरातच कात्रीच्या दारात आल्या त्या आरसेवाल्या बाई. ज्यांनी माशीसारखं हाकललं होतं, त्याच. तिने त्यांना उभंच ठेवलं. रंग लावणार नाही, खुर्ची माझी मी निवडणार, आणि बेसिनवरच्या प्रत्येक मुलीला जाड हातमोजे, असं सांगितलं. हातमोज्यांवर बाई जरा अडखळल्या. कात्रीने दार ओढायला घेतलं, तेव्हा कबूल झाल्या.

हात बरे व्हायला वेळ लागला. भेगा बुजल्या, पण डाव्या तर्जनीवर एक व्रण राहिलाच. थंडीत तो अजून दुखतो. घरी लिंबू मात्र आता तीच पिळते, कुणी मागितलं नसलं तरी.

मालकांचं सुट्टीच्या दिवशी जमणं बंद पडलं. मास्तरांनी तसं केल्यावर कोण कुणाच्या कात्रीखाली मान देणार? चौघांची डोकी वाढत गेली. एका दुपारी आरशांच्या पार्लरचं दार उघडलं आणि मॅडम आत आल्या. भांगात बोटभर पांढरं, टोकं फाटलेली. सरळ कात्रीच्या खुर्चीत येऊन बसल्या.

"कुणाकडे जाऊ?" एवढंच म्हणाल्या.

कात्रीने केस विंचरले, ओले केले, कापले.  रंग जाड हातमोजे घातलेल्या मुलीने लावला, धुतला. कात्रीने रोलर लावले आणि मॅडमना टोपाखाली बसवलं. घूंऽऽ सुरू झालं. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं, तिला खुणेने जवळ बोलावलं आणि अगदी हळू, म्हणजे त्यांच्या मते हळू, म्हणाल्या, "परत येतेस का माझ्याकडे? खिडकीची खुर्ची देते! इथल्यापेक्षा जास्त देते! हिला कळू देऊ नकोस!"

सगळं पार्लर थांबलं. चारही भिंतींवरच्या आरशांतून मुली हसत होत्या. गल्ल्यावरच्या आरसेवाल्या बाई लाल झाल्या आणि तिथूनच ओरडल्या, "मीही वाढवते! आजच वाढवते!"

कात्रीने आरशात स्वतःकडे पाहिलं. तिच्यात खोट नव्हती, कधीच नव्हती. तिने टोप जरासा वर उचलला.

"येणार नाही, मॅडम," ती म्हणाली. "पण विचारत राहा. मला, तिला, त्या बेसिनवरच्या पोरीला, सगळ्यांना विचारत राहा. विचारायला आता कुणाची परवानगी लागत नाही."

मग तिने टोप पुन्हा खाली ओढला, कारण केस अजून ओले होते.