जनार्दनरावांनी आयर्लंडात म्हटलेलं ‘नको’

झाशीच्या नगरा भागातले जनार्दनराव मोघे आयर्लंडहून परतले ते तिथल्या लोकांबद्दल एकच मत घेऊन: ही माणसं विनाकारण चांगली वागतात आणि त्यामागे काय आहे ते काही केल्या कळत नाही.

जनार्दनराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले. आयुष्य बंद खोक्यांच्या सहवासात गेल्यामुळे वर लिहिलेलं आत असतंच असं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. घराणं झाशीत इतकं जुनं की मूळ गाव कोणतं यावर घरातच दोन मतं आहेत. त्यांची मुलगी स्वरदा तिकडे कॉर्क नावाच्या शहरात नोकरी करते. तिच्याकडे ते आणि शकुंतलाकाकू दीड महिना राहून आले.

“बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो,” सीपरी बाजारात चहा पिताना त्यांनी मला सांगितलं. “का?”

“चांगली पद्धत आहे, काका.”

“पद्धत आहे हे मलाही दिसलं. का आहे, ते विचारतोय. सुखरूप उतरलो याचं एवढं नवल वाटत असेल, तर ड्रायव्हरबद्दल त्यांना काहीतरी ठाऊक असणार.”

तिथला पाऊसही त्यांना पटला नाही. धड भिजवत नाही, नुसती चौकशी करून जातो. मेंढ्यांच्या पाठीवर लाल-निळे पट्टे मारलेले. मालकाची खूण, असं जावयानं समजावलं. “पत्ता नाही, नाव नाही, नुसता रंग,” जनार्दनराव म्हणाले. “असलं पार्सल मी घेतलं नसतं.”

जावई ऋषिकेश एका संध्याकाळी त्यांना गाणंबजावणं ऐकायला घेऊन गेला. म्हणजे दारूच्या गुत्त्यात. काकूंनी संत्र्याचा रस घेतला आणि यांनी त्या रसाचा वास घेऊन खात्री करून दिली. कोपऱ्यात चार माणसं टेबलाभोवती बसलेली, त्यातल्या दोघांची यांच्याकडे पाठ.

“मला वाटलं जेवतायत. तेवढ्यात एकानं बासरी काढली, दुसऱ्यानं व्हायोलिन, आणि सुरूच!”

“मग?”

“मग काय? निवेदक नाही, दीपप्रज्वलन नाही, शाल-श्रीफळ नाही. संपलं तेव्हा आभारसुद्धा नाहीत. तो कार्यक्रम होता की त्यांचं खासगी काही चाललं होतं, मला अजून माहीत नाही.”

परत आल्यापासून मात्र हा गृहस्थ झाशीतला एकही कार्यक्रम सोडत नाही. सोबतीला मी. किल्ल्यावरचा ध्वनिप्रकाशाचा खेळ पाहिला. तिथे त्यांचं सगळं लक्ष स्पीकर कुठे लपवलेत याकडे. जादूचे प्रयोग पाहिले. कापलेली बाई मुळात कापलेलीच नव्हती, हे त्यांनी मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं. गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाची संगीतसंध्या झाली. प्रमुख पाहुणे मऊरानीपूरचे धान्याचे व्यापारी, ते उशिरा आले. पंख्यामुळे समई लागेना, पंखा बंद केला तर पाहुण्यांना घाम. सत्कार इतके झाले की गायिकेच्या वाट्याला दोन गाणी आली.

“याला कार्यक्रम म्हणतात,” जनार्दनराव समाधानानं म्हणाले. “कोण कशासाठी आलंय ते स्पष्ट दिसतं.”

घरी परतताना त्यांनी स्वरदाच्या शेजारच्या आयरिश म्हाताऱ्याची गोष्ट काढली. त्यानं चहा विचारला. हे ‘नको’ म्हणाले. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नको’. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा घेतला.

“अगदी आपल्यासारखंच की,” मी म्हणालो.

“तेच तर! परका माणूस तीनदा विचारतो.” ते एकदम थांबले. “आणि पोटची पोरगी एकदाच.”

मग सगळं बाहेर आलं. निघण्याच्या आधी स्वरदानं विचारलं होतं, “बाबा, तिकिटं पुढे ढकलू? दिवाळी इथेच करा.” हे म्हणाले, “नको गं, कशाला उगाच.” ती “ठीक आहे” म्हणाली आणि विषय संपला. जनार्दनराव दोन दिवस दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत राहिले. ते आलं नाही. तेव्हापासून त्यांची खात्री आहे की ते गाणंबजावणं, त्या मेंढ्या, सगळा निरोपसमारंभ होता. जावई कंटाळला असणार. आणि रविवारी तिचा फोन येतो तेव्हा आपण इथे किती गुंतलेलो आहोत हे सांगता यावं, म्हणून हे जादूचे प्रयोग.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडेच होतो. व्हिडिओ कॉलवर स्वरदा आली. जनार्दनराव संगीतसंध्येचं वर्णन लांबवू लागले, तेव्हा काकूंनी फोन आपल्याकडे वळवला.

“स्वरदा, तू यांना थांबायला दुसऱ्यांदा का नाही विचारलंस?”

“क्या पूछती, आई? बाबा सरळ नको म्हणाले ना!” तिचा आवाज चढला. “जिथे नेलं तिथे तोंड वाकडं. मी आणि ऋषिकेश रोज बसून शोधायचो, बाबांना काय आवडेल. मला वाटलं, माझं घरच त्यांना पसंत नाही पडलं. मी किती रडले, माहितीये?”

जनार्दनराव खुर्चीत मागे सरकले.

“अगं, ते ‘नको’ होतं,” काकू म्हणाल्या. “‘नाही’ नव्हतं.”

“मी झाशीच्या शाळेत शिकले, आई. हिंदीत दोन्हीला नहींच म्हणतात.”

मग स्वरदा हळूच म्हणाली, “बाबा, उन्हाळ्यात येता? जास्त दिवस?”

जनार्दनरावांनी तोंड उघडलं. ‘न’ हे अक्षर ओठांवर येऊन बसलेलं मला स्पष्ट दिसलं. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. फोनमध्ये स्वरदाही बघत होती, आणि तिनं पुन्हा विचारायची काहीही चिन्हं दाखवली नाहीत.

“हो,” जनार्दनराव म्हणाले.

काकूंनी चष्मा खाली घेऊन नवऱ्याला नीट न्याहाळलं. संसारात पहिल्यांदाच हा माणूस पहिल्या विचारण्याला हो म्हणाला होता.

“काय हो,” त्यांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, “बरं वाटतंय ना?”