एका नावाची तीन कार्डं

"बठ्ठासले सारखं," म्हणत अक्का पिशवी पालथी करायच्या. तिन्ही सुनांना एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या साड्या. सगळ्यांना सारखं दिल्याशिवाय घरात शांतता राहत नाही, हा त्यांचा अनुभव. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीचा हॉलही त्या याच हिशेबाने सांभाळायच्या.

हॉल म्हणजे ओळीने तीन खोल्या. सकाळी एकीत म्हाताऱ्यांचा योग, दुसरीत बायकांचं भजन, तिसरीत मुलींचा नाच. तिन्हीकडचा आवाज एकाच जुन्या कॉम्प्युटरवरून जायचा, आणि त्याचा जाणकार म्हणून कॉलनीत मी मिरवायचो. प्रत्येक खोलीच्या स्पीकरला वेगळं यूएसबी साउंड कार्ड हवं, एवढं मी सांगितलं. अक्कांनी तीन आणली, अगदी एकसारखी. नाचाला भारीतलं दिलं, असं भजनवाल्यांना वाटायला नको ना.

कॉम्प्युटरला मात्र तिन्हींचं नाव एकच दिसायचं; कुठलं कुठल्या भोकात, एवढ्यावरूनच तो ओळखायचा. तुम्ही म्हणाल, खुणा करायच्या. केल्या की. लाल, पिवळी, हिरवी अशा टिकल्या चिकटवल्या आणि दिवसभर स्वतःवर खूश होतो. कॉम्प्युटरला टिकल्या दिसत नाहीत, हे कळायला अध्यक्ष आबा यावे लागले.

आबांना हॉल ट्यूशनवाल्यांना भाड्याने द्यायचा होता. तिथे येतं तरी कोण, ते बघायला एका सकाळी ते स्वतः आले. अक्कांनी त्यांना थेट योगाच्या सतरंजीवर आडवं केलं. मी नेमका त्याच दिवशी उत्साहाने तिन्ही कार्डं काढून, फुंकर मारून परत लावली होती. कुठलं कुठल्या भोकातून काढलं, तेवढं पाहिलं नव्हतं.

शवासनात वरातीतलं गाणं लागलं. भजनाच्या खोलीत संथ आवाज आला, अंग सैल सोडा. टाळ बाजूला ठेवून सगळ्या जणी निमूट आडव्या झाल्या. मुली अभंगावर गरबा खेळू लागल्या. मी घाबरून याचं त्याला, त्याचं याला केलं, तर गाणं भजनात गेलं आणि झोपलेल्या बाया उठून नाचायला लागल्या.

अक्का धावत आल्या. हॉल हातचा गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काय व्हयनं रे भाऊ?"

मी टिकल्या दाखवल्या. त्या टिकल्यांकडे बघत राहिल्या, मग पदर तोंडावर धरून तिथेच खाली बसल्या. खांदे हलत होते. रडतात की हसतात, मला कळेना.

तेवढ्यात योगाच्या खोलीतून आबा बाहेर आले. घामाघूम, शर्टाची दोन बटणं उघडी.

"ते गाणं कोणी बंद केलं?" त्यांनी मला दरडावून विचारलं.

ट्यूशनचं नाव त्यानंतर कोणी काढलं नाही.

अक्का आता धुळ्याला असतात, देवपुरात, लेकीचं बाळ सांभाळायला. आबा रोज योगाला येतात. शवासनात दार वाजलं की त्यांचा एक डोळा हळूच उघडतो. दारात मी असतो. ते डोळा पुन्हा मिटून घेतात.