ताईच्या पिसांच्या बॅगेचा दसरा

स्लीपिंग बॅग म्हटलं की तुम्ही सरसावून बसला असाल. आता हा गडी बर्फ सांगणार, तंबू सांगणार, मिशीला लटकलेले बर्फाचे खडे सांगणार. बसा निवांत. मी चढलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे येडशीचा घाट, तोही एसटीत, खिडकीची सीट धरून. ही गोष्ट आमच्या कळंबची आहे, आणि हिच्यात थंडी औषधालासुद्धा नाही.

बॅग माझ्या ताईची. ती पुण्याला कॉलेजात होती, तिथं तिला डोंगराचं याड लागलं. त्या वर्षी दसरा झाला की ती हिमालयात गिर्यारोहण शिकायला निघणार होती. आमच्या घरात तोवर कुणी फ्रीजच्या बाहेरचा बर्फ बघितलेला नव्हता. तिच्या मॅडमनी तिला आपली जुनी बॅग दिली होती, आत बदकाची बारीक मऊ पिसं भरलेली. होस्टेलवर उंदीर झाले म्हणून उन्हाळ्यात तिनं ती घरी आणून ठेवली आणि जाताना मला दम दिला, "ही दाबून बांधून ठेवायची न्हाय, मोकळी लटकवायची. पाणी लावायचं न्हाय. आन् तू तर हातच लावायचा न्हाय."

मी हात नाही लावला. मी अख्खा आत शिरलो. मे महिन्यात, कूलर फुल सोडून, रोज दुपारी. आत पडून बातम्या द्यायचो, "आम्ही आता शिखराजवळ पोचलोय, ऑक्सिजन संपत आलाय, आणि आई भाकरी थापायलीय." आवाज काढायचा नाद मला लहानपणापासूनच. वर्गात सरांचा काढून मार खाल्लाय, एसटीत कंडक्टरचा काढून दोन माणसं मधल्याच फाट्यावर उतरवलीत. अशाच एका दुपारी बातमी देता देता शेंगाच्या चटणीची वाटी तेलासकट बॅगेवर सांडली. हा एवढा लालभडक डाग.

तो डाग मी भाद्रपदापर्यंत लपवला. मग घट बसायच्या आधी घरोघर दसरा काढायला सुरुवात झाली. म्हणजे घरात जे जे अंथरतात, पांघरतात ते सगळं धुऊन काढायचं. तेव्हा अर्धी गल्ली मांजरा नदीवर जायची. मोटारसायकलवर जुन्या साड्यांच्या वाकळांचा ढीग, ढिगावर आई, आईच्या मांडीवर डबा. काठावर वाकळा वाळत पडल्या की कुणाच्या घरात कुठली साडी कधी फाटली ते सगळं कळायचं. आमच्या एका वाकळेत आईच्या लग्नातलं लुगडं होतं. ते उलटं पडलं की ती पटकन सुलटं करायची. आता गल्लीत मशीन आल्यात, नदीवर कुणी जात नाही. सोड्याचा आणि ओल्या मातीचा तो वास अजून कधीतरी नाकात येतो आणि मला उगीचच भूक लागते.

तर त्या ढिगात मी बॅग घुसवली.

आई म्हणाली, "आरं, हिला पाणी लावू नका म्हणली हुती ना ती?"

"काल फोन आलता तिचा," मी म्हणालो. "म्हणली, धुवून ठेवा."

मग काय, वाकळेचं जे करतात ते सगळं तिचं केलं. सोड्याच्या पाण्यात भिजवली, दगडावर घालून पायानं तुडवली, धोपटण्यानं बडवली. बॅग पाणी पिऊन म्हशीच्या रेडकाएवढी जड झाली. पिळायला एक टोक आईकडं, एक माझ्याकडं. डाग गेला, एकदम साफ. पण घरी दोरीवर टाकली तेव्हा बॅगेचं निव्वळ पातळ कापड लोंबत होतं आणि खालच्या टोकाला दहा-बारा गोळे, दिवाळीतल्या फसलेल्या लाडवांसारखे.

त्याच संध्याकाळी आईचा फोन वाजला. आई शेजारी गेलेली. स्क्रीनवर ताईचं नाव. मला काय सुचलं काय माहीत, मी फोन उचलला आणि आईचा आवाज काढला, "हां गं बाई, जेवलीस का?"

"जेवले. आई, माझी बॅग नीट हाय ना?"

"हाय की. मोकळी लटकवलीया." हे काही खोटं नव्हतं. दोरीवरून पाणी गळत होतं एवढंच.

मग ती बारीक आवाजात म्हणाली, "आई, मला भ्या वाटायलंय. तिथं रात्री बाटलीतलं पाणी गोठतंय म्हणे. कुणाला सांगितलं न्हाय मी. बॅग चांगली हाय म्हणून जरा धीर हाय."

ताई मला असलं कधीच बोलली नसती. मला तर ती साप मारणारी ताई माहीत. मी आईच्याच आवाजात म्हणालो, "भ्यायचं कशाला, मी हाय की," आणि फोन ठेवला. त्या रात्री मी कुणाचाच आवाज काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बॅगेच्या शिवणीतून एक पांढरं पीस निघालं आणि देवघराकडं उडत गेलं. आई किंचाळली, "बदकाची पिसं? आन् उद्या घट बसायलेत? काढ आधी ती भाईर!" मी बॅग सायकलवर घातली आणि गाद्या भरणाऱ्या पिंजारी चाचांकडं नेली. म्हणालो, "चाचा, मशीनमधी घालून पिंजून द्या."

चाचांनी गोळा बोटात धरला. "क्या रे, ये कापूस थोडाच है? हे पर हायेत, पिसं. कापूस मार खातो बेटा, हे न्हाय खात. कुनी बडवलं?"

"नदीवर... वारा लई होता," मी म्हणालो.

त्यांनी आधी सोडा काढायला लावला. मोठ्या घमेल्यात साधं पाणी, त्यात शाम्पूची एक पुडी, हलक्या हातानं दाबायचं, फेस संपेस्तोवर पाणी बदलायचं. पिळायचं नाही. उचलायची तर दोन्ही हात खाली घालून, तान्ह्या लेकरासारखी. मग बाजेवर सावलीत पसरायची आणि कापडावरूनच एकेक गोळा बोटांनी चिवडत मोकळा करायचा. मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगत होते, ड्रायरमध्ये बॅगेबरोबर टेनिसचे बॉल टाका, गोळे फुटतात. बॉल आमच्या गल्लीत पोत्यानं होते, ड्रायर तेवढा नव्हता.

रोज शाळा सुटली की मी चाचांच्या दुकानात. पंखा बंद, नाहीतर कापूस उडतो. ते गादी भरायचे, मी गोळे चिवडायचो. "आज कोन?" ते विचारायचे. मी कधी मोंढ्यातला धान्याचा सौदा पुकारणारा व्हायचो, कधी हेडसर. चाचा हसले की भुवयांवरचा कापूस खाली पडायचा. मी त्यांचाच आवाज काढला त्या दिवशी ते इतके हसले की समोरचा चहावाला बघायला आला. तिसऱ्या माळेला निम्मे गोळे सुटले. सहाव्या माळेला बॅग एकदम अंगात वारं आल्यासारखी फुगली. इतकं निवांत बसून एखादं काम मी त्यानंतर आजवर केलेलं नाही.

सातव्या माळेला ताई आली. बॅगेत शिरली, आतून चाचपत गेली. पायाशी वीतभर जागा पातळ राहिलेली, तिथंच तिचा हात थांबला. "धुतलीस व्हय रे?" मी मान हलवली. ती मला मारणार म्हणून मी डोळे मिटले, पण ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पायात दोन मोजे जास्त घालीन." आणि आईकडं वळली, "तू तर फोनवर म्हणलीस मोकळी लटकवलीया म्हणून. मी भ्या वाटतंय म्हणलं तवा."

आई म्हणाली, "कवा?"

दोघींनी माझ्याकडं बघितलं. ताईचं तोंड लालेलाल झालं, ती उठून परसात गेली.

आईनं बॅगेचा विषयच काढला नाही. "मुडद्या," ती म्हणाली, "माझा आवाज काय पानाच्या टपरीवरचा रेडू हाय, कुणीबी पिळावा? पोरगी जल्मात पहिल्यांदा मला भ्या वाटतंय म्हणली, आन् ते मलाच ऐकू आलं न्हाय! आता तिला काय इचारू? ती म्हणंल का पुन्हा असलं? तू सांग. काय काय म्हणली, शब्दन् शब्द सांग. आन् तिचा आवाज काढलास तर थोबाड फोडीन."