कूलरवाल्यांचा पोळा

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. चहाच्या वेळी एकानं "आठवते का वं, त्या दिवशी..." म्हटलं, की हातातला चहा थंड होतो आणि दुसरा सांगावा लागतो. आमच्या ऑफिसात असे इतके किस्से झालेत की आता लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर आमचे ठवकर काका दरवर्षी त्यात आणखी मीठमसाला घालतील आणि मग खरं काय घडलं ते मलाही आठवायचं नाही!

ऑफिस म्हणजे नागपुरातल्या एका कूलर कंपनीचं तक्रार केंद्र. नऊ खुर्च्या, नऊ हेडफोन आणि काम एकच. ज्याचा कूलर बंद पडला, त्याचं ऐकून घ्यायचं! मे महिन्यात नागपुरात कूलर बंद पडला की माणूस काय काय बोलतो, ते इथं लिहिता येणार नाही. दर उन्हाळ्यात आमच्यातले दोन-तीन जण कान धरून नोकरी सोडायचे.

शेवटी मालक वैतागले. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीला सगळे फोन देऊन टाकायचे आणि आमचं केंद्र बंद करायचं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं. आमच्या बावणे साहेबांनी फार विनवण्या केल्या तेव्हा म्हणाले, "पोळ्यापर्यंत पायतो. लोकं टिकले तं ठीक. नाही तं पोळा झाला की सही करतो."

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. त्यातली बारा वर्षं या खुर्चीत गेलेली. आता नवी खुर्ची मला कोण देणार? मला भीती वाटत होती. उगाच शूरपणा कशाला सांगू?

बावणे साहेब मूळचे रामटेककडचे, धानाच्या शेतीतले. कंपनीत मेकॅनिक म्हणून लागले आणि मॅनेजर झाले. लोक टिकवण्याचा त्यांचा उपाय एकदम सोपा होता. जानेवारीत त्यांनी मीटिंग घेतली आणि म्हणाले, "सण घरी करता म्हणून घरी राहावं वाटते. इथं केले तं इथं राहावं वाटन! आजपासून सगळे सण ऑफिसात."

आमची प्रतीक्षा, वय चोवीस, जीभ कात्रीसारखी. ती लगेच म्हणाली, "साहेब, सुट्टी देल्ली तरी टिकू आम्ही."

साहेबांनी ते ऐकलंच नाही.

*

पहिला सण संक्रांतीचा. साहेबांनी फर्मान काढलं की आज प्रत्येक फोन "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणून उचलायचा.

आता जानेवारीच्या थंडीत कूलर कंपनीला फोन करतो कोण? आम्ही आपले तिळाचे लाडू खात बसलो. सकाळ गेली, दुपार गेली, नऊही फोन मुके! साहेब बिचारे दर दहा मिनिटांनी येऊन फोनकडे बघून जायचे.

चार वाजता एकदाची घंटी वाजली. सगळे धावले. प्रतीक्षानं स्पीकर लावला आणि गळ्यात साखर घोळवून म्हणाली, "नमस्कार! तिळगूळ घ्या, गोड बोला!"

पलीकडून सक्करदऱ्याचे एक गृहस्थ अगदी शांत आवाजात म्हणाले, "मॅडम, माही तक्रार मागच्या मे महिन्यातली आहे. तवापासून गोडच बोलून राहिलो. मेकॅनिक कवा येते?"

साहेब स्वतः पान्हे घेऊन गेले. सोबत लाडूही नेले.

*

होळीचा किस्सा ठवकर काकांचा. काका आमच्यात सगळ्यांत वडील. आवाज लोण्यासारखा आणि चेहरा इतका गंभीर की फोटोग्राफरनं हात टेकावेत. या माणसाला कधी काही सुचेल असं कोणाला वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी सुचलं.

हेडफोन खराब होतात म्हणून साहेबांनी फक्त कोरड्या रंगाची परवानगी दिली होती. दारात गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेला एक मोठा कूलर होता. काका म्हणाले, "खसेवर गुलाल टाकून पंखा लावू. सगळ्याईले एकदमच रंग लागन. हात भरवाचं कामच नाही!"

दिवसभर कूलरच्या तक्रारी ऐकणारी आम्ही माणसं! पण एकालाही वाटलं नाही की ओली खस, म्हणजे कूलरच्या बाजूंचा वाळा, गुलाल सोडणार कशी? आम्ही नऊच्या नऊ जण डोळे मिटून, तोंड पुढे करून कूलरसमोर उभे राहिलो. पंखा सुरू झाला. गार वारा आला. रंगाचा एक कण नाही.

काका खसेवर बोट फिरवून खिन्नपणे म्हणाले, "माल चांगला आहे आपला."

गोष्ट तिथं संपायला हवी होती. पण पंधरा दिवसांनी तोच कूलर गांधीबागेतल्या एका कापड व्यापाऱ्यानं पसंत करून नेला. धुवायचं कोणालाच आठवलं नाही. आठवड्यानं त्याचा फोन आला, तो नेमका माझ्याकडे.

"मॅडम, तुमच्या कूलरनं गुलाबी शिंतोडे फेकले! माह्या दुकानातलं पांढऱ्या कापडाचं अख्खं थान रंगलं!"

मी माफी मागायला सुरुवात केली, तर तो म्हणाला, "माफी राहू द्या. ते थान सकाळीच विकल्या गेलं. गिऱ्हाईक अजून दोन मागून राहिलं. तो रंग कोणता टाकता तुम्ही?"

*

मग उन्हाळा आला आणि आमची हसायची सोय राहिली नाही. एक फोन ठेवला की दुसरा वाजायचा. अक्षय तृतीयेच्या दिवशी साहेबांनी माठभर पन्हं आणून ठेवलं होतं, पण ते प्यायला उठायची फुरसत कोणाला होती?

अकराच्या सुमाराला प्रतीक्षानं हेडफोन काढून टेबलावर आपटला. एका माणसानं तिला नाही नाही ते सुनावलं होतं. ती रडत होती आणि रडत रडत मोबाइलवर राजीनामा टाइप करत होती. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "ताई, आता नाही होत वं माह्याच्यानं."

साहेब आले. पत्ता विचारला, पान्ह्यांची पिशवी उचलली आणि म्हणाले, "प्रतीक्षा, चाल माह्यासंग. त्या माणसाले पाहू तं एकदा."

भर उन्हात दोघं स्कूटरवर गेले. पुढचं प्रतीक्षानं सांगितलेलं.

तो माणूस दारातच उभा, रागानं लाल. साहेबांनी कूलरची बाजू उघडली, टाकीत हात घातला आणि एक टरबूज बाहेर काढलं. मग दुसरं काढलं. मग एक डांगर, म्हणजे आपलं खरबूज. फळं गार राहावीत म्हणून घरच्यांनी टाकीत ठेवली होती आणि डांगर जाऊन बसलं होतं नेमकं पंपावर! ते काढल्याबरोबर कूलर झकास सुरू झाला.

माणूस ओशाळला. पण खरी गंमत पुढे आहे. त्या दिवशी त्यांच्या घरी पितरांचं जेवण होतं. वडिलांच्या नावानं एका माणसाला पाटावर बसवून जेवू घालायचं असतं. ज्यांना आवतन दिलं होतं ते गृहस्थ उन्हामुळे आलेच नाहीत आणि घरातलं कोणीही तोपर्यंत जेवू शकत नव्हतं. आत म्हातारी आई म्हणाली, "अरे, ह्याईलेच बसव!"

झालं! साहेब हातपाय धुऊन पाटावर. पुरणपोळी, तूप, आंब्याचा रस. आणि सकाळी फोनवर शिव्या देणारा तो माणूस साहेबांच्या पायावर डोकं ठेवून म्हणतो, "बाबा, काही चुकलंमाकलं असन तं माफ करा!"

साहेबांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माफ केलं. पण टाकीत डांगर ठेवू नको, पोरा."

ऑफिसात परत आल्यावर आम्ही हसून हसून लोळलो. प्रतीक्षा तेवढी फुरंगटून बसली होती. मला वाटलं, आता राजीनामा पाठवते की काय. तर म्हणाली, "साहेब, भूक मलेही लागली होती. मले आत्या म्हणून बसवलं असतं तं काय बिघडलं असतं?"

त्या उन्हाळ्यात फक्त एक मुलगी गेली, तीसुद्धा लग्न होऊन अमरावतीला. साहेब मालकांना सांगायला गेले की लग्नाचं धरू नका. मालक म्हणाले, "खुर्ची खाली झाली म्हणजे झाली."

*

हा आपला छोटासा. कांदेनवमीला सगळ्यांनी घरून कांदाभजी आणली. काकांचा चातुर्मासात कांदा बंद, म्हणून त्यांनी चार महिन्यांचं एका दिवसात उरकायचं ठरवलेलं. तोंडात भजं असतानाच त्यांचा फोन वाजला.

पलीकडच्यानं विचारलं, "काय खाऊन राहिले जी?"

काकांना खोटं बोलता येत नाही. "कांदाभजी."

"कुठं आहे तुमचं ऑफिस?"

अर्ध्या तासात तो माणूस हातात पंप घेऊन हजर! भजी खाल्ली, चहा प्याला, सगळ्यांची विचारपूस केली. काकांनी पंप तपासला तर अगदी ठणठणीत. ते म्हणाले, "याले तं काहीच झालं नाही!"

तो म्हणाला, "मले माहीत आहे. पण खाली हात कसं येऊ?"

*

आणि पोळा.

पोळ्याच्या दोन दिवस आधी साहेब मालकांच्या केबिनमध्ये गेले. दुसऱ्या कंपनीचे कागद टेबलावरच पडलेले, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सही. आम्ही सगळे दाराला कान लावून.

साहेब म्हणाले, "मालक, पोळ्याले बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही. हे लोकं वर्षभर राबले. त्या दिवशी फोन तुम्ही अन् मी घेऊ."

मालक हसले. "मी? बरं. एका दिवसानं काय होते! तसंही आता शेवटचंच आहे."

'शेवटचंच' हा शब्द आम्हाला बाहेर नीट ऐकू आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शेतकरी बैलाला जेवायचं आमंत्रण देतो, तसे साहेब आमच्या एकेका टेबलाशी आले. हात जोडून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ठवकर काकांपाशी आले तेव्हा साहेबांनी वाकून नमस्कार केला. मी सरळ रडले. कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आम्ही सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, गळ्यात झेंडूच्या माळा. काकांच्या पाठीवर प्रतीक्षानं नक्षीची झूल टाकलेली आणि काका तसेच गंभीर. समोर आमच्या जागी साहेब आणि मालक, हेडफोन लावून. मालकांचा मोबाइल केबिनमध्येच राहिलेला. पाऊस उघडून उकाडा असा वाढला होता की सकाळपासून फोन सुरू.

मालकांचा पहिला फोन. पलीकडचं बोलणं त्यांनीच मागाहून सांगितलेलं. एक म्हातारी बाई. "ठवकरभाऊ आहेत का?"

"ते आज सुट्टीवर आहेत. मले सांगा."

"राहू द्या. तुमाले नाही समजाचं. मी उद्या करीन."

दुसरा फोन माझ्यासाठी. "वंदनाताईले द्या. माह्या पोरीच्या बारावीचं सांगाचं होतं तिले. हो, अन् कूलरचंही."

तिसरा फोन. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता की आम्हाला भिंतीपर्यंत ऐकू येत होतं. मालक "ऐका तं, ऐका तं" करत घामाघूम झाले. शेवटी छाती काढून म्हणाले, "अहो, मी स्वतः कंपनीचा मालक बोलून राहिलो!"

पलीकडून आवाज आला, "काहून खोटं बोलता जी? मालक कधी फोन उचलते का? प्रतीक्षा मॅडमले द्या!"

मालकांनी प्रतीक्षाकडे बघितलं. ती उठायला लागली तर साहेबांनी हात आडवा केला. "आज नाही, मालक. आज पोळा आहे."

मग तो माणूस बराच वेळ बोलत राहिला आणि मालक ऐकत राहिले. आम्ही माळा घालून बसलो होतो. हसायचं होतं, पण उद्याचे कागद डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

दुपारी जेवणं झाली. पुरणपोळीचा पहिला घास साहेबांनी काकांना भरवला. मालक जेवायलाही उठले नाहीत, कारण फोन थांबतच नव्हता. तीनच्या सुमाराला पुन्हा वाजला. मालकांचा आवाज एव्हाना पार बसला होता. "नमस्कार, बोला."

पलीकडचा आवाज गोड होता आणि घाईत होता. तो त्या दुसऱ्या शहरातल्या कंपनीचा माणूस होता. मालकांचा मोबाइल लागत नाही म्हणून त्यानं इथं फोन केला होता. उद्याच्या सहीचं पक्कं करायचं आहे, जरा मालकांना फोन द्या, असं तो म्हणाला.

मालकांनी आमच्याकडे बघितलं. काकांच्या झुलीकडे बघितलं. मग हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढून शांतपणे म्हणाले, "मालक कधी फोन उचलते का जी?"

आणि फोन कट केला.